बसऱ्याला गेलेले पणजोबा आणि एकाहत्तरचे काका: घरच्या सैनिकांचा माग कसा काढावा

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. धायरीत राहणाऱ्या एका ताईंचं मूळ गाव पाटण तालुक्यात आहे. त्यांचे पणजोबा ‘जर्मनच्या लढाईत बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत’, म्हणजे पहिल्या महायुद्धात आजच्या इराकातल्या बसऱ्याला, एवढंच घरात माहीत आहे. देवघरात धातूची एक मोठी चकती, एक चांदीचं पदक आणि एक चांदणीच्या आकाराचं पदक आहे. त्या चांदणीला घरात ‘क्रॉस’ म्हणतात, आणि पणजोबांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक, मिळाला होता असं थोरली मंडळी सांगत आली आहेत. शिवाय ताईंचे सख्खे काका लष्कराच्या इंजिनिअर दलात, बॉम्बे सॅपर्समध्ये होते, ते १९७१ च्या युद्धात सुरुंग काढताना गेले. वडील ऐंशीच्या पुढे आहेत. दिवाळीनंतर भावकीचा मेळावा आहे. त्यात दोघांचं नीट स्मरण व्हावं आणि स्टेजवरून काही भलतंसलतं सांगितलं जाऊ नये, अशी ताईंची इच्छा आहे. पदकं कोणी आणि कशी लावायची, हेही त्यांनी विचारलंय.

ताई, ‘भलतंसलतं नको’ हे तुम्ही म्हणालात, तिथूनच सुरुवात करू. लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसात माझी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर मी हेच काम घरोघरच्या लोकांसाठी करतो. तीन पिढ्या गेल्या की शिपायाचा सुभेदार होतो आणि तापाने गेलेला माणूस संगिनीच्या लढाईत पडतो. कोणी मुद्दाम खोटं बोलत नाही, प्रेमापोटी होतं. पण खऱ्या माणसाची नोंद शोधायला बसलं की हीच वाढवलेली गोष्ट आडवी येते, कारण आपण सुभेदार शोधत बसतो आणि कागदात असतो शिपाई.

म्हणून क्रॉसचं आधी स्पष्ट सांगतो. तो व्हिक्टोरिया क्रॉस नाही. ती यादी पूर्ण आहे, जाहीर आहे आणि लहान आहे. मराठा पलटणींमधून तो दोघांनाच मिळाला, दोन्ही दुसऱ्या महायुद्धात आणि दोन्ही इटलीत. माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला पडले, त्यांना तो मरणोत्तर मिळाला. नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या कामगिरीबद्दल मिळाला. ते जगले, वाचले आणि १९८४ साली इथे पुण्यातच वारले. तुमच्याकडे जे आहे ते बहुधा ‘१९१४-१५ स्टार’ आहे. मधोमध एकमेकींवर आडव्या तलवारी आणि पट्टीवर १९१४-१५ हे आकडे दिसतात का बघा. दिसत असतील तर ते शौर्यपदक नव्हे, त्या काळात रणभूमीवर गेलेल्या सगळ्यांना मिळालेलं पदक आहे.

हे ऐकून घरात चेहरे पडतील, पण या स्टारने तुम्हाला फार मोठी गोष्ट सांगितली आहे. तो मिळायचा तर माणूस १९१५ साल संपायच्या आत रणभूमीवर पोचलेला असावा लागे. म्हणजे पणजोबा नंतरच्या मोठ्या भरतीतले नव्हेत, आधीच पलटणीत असलेले किंवा अगदी सुरुवातीला भरती झालेले. शोधाचं निम्मं मैदान इथेच कमी झालं.

आता ती पदकं हातात घ्या. देवघरातून काढाल तेव्हा कोणाला पितांबरी लावू देऊ नका, चिंच-मीठही नको. दर दसऱ्याला शस्त्रपूजेच्या आधी घासून घासून अक्षरं गुळगुळीत झालेली पदकं मी इतकी पाहिली आहेत की आता कोणी ‘लखलखीत ठेवलंय बघा’ म्हटलं की पोटात गोळा येतो. चांदीच्या पदकाची नाण्यासारखी कड असते, तिच्यावर बारीक अक्षरं असतात. सकाळच्या तिरप्या उन्हात खिडकीशी बसा, भिंग घ्या आणि पदक हळूहळू फिरवत वाचा. वाचता आलं नाही तर पातळ कागद कडेवर धरून वरून पेन्सिल हलक्या हाताने फिरवा, अक्षरं उमटतात. स्टारची अक्षरं मागच्या सपाट बाजूला असतात. क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, अशा क्रमाने मजकूर मिळेल. हुद्दा तोडून लिहिलेला असतो: शिपायाचा ‘सेप’, हवालदाराचा ‘हव’, खेचरं हाकणाऱ्याचा ‘ड्रायव्हर’ तोडून. यातला क्रमांक सगळ्यात मोलाचा, कारण नावं शेकड्यांनी सारखी असतात, क्रमांक एका पलटणीत एकाचाच असतो.

चकती आकाराने मोठी आणि दिसायला भारदस्त. सुमारे बारा सेंटिमीटर व्यासाची, काशाची, हातात त्रिशूळ घेतलेली बाई आणि सिंह. ती मृत सैनिकाच्या घरी पाठवली जाई. तुमच्या घरी ती आहे, म्हणजे पणजोबा युद्धात गेले ही गोष्ट सरकारदरबारी नोंदली गेली होती, निव्वळ ‘बेपत्ता झाले, कळलंच नाही’ असं नव्हतं. पण शोधाला तिचा उपयोग मर्यादित. तिच्यावर फक्त नाव असतं. हुद्दा मुद्दामच घातला नव्हता, मरणात सगळे सारखे या विचाराने. पलटण नाही, क्रमांक नाही. त्यामुळे घरात कोणी चकतीची चौकट करायला निघालं असेल तर करू द्या, तुम्ही मात्र चांदीचं पदक सांभाळा. चांदीचे भाव वाढले तेव्हा ही पदकं सोनाराच्या मुशीत फार गेली. जुन्या बाजारातही एखादं दिसतं, कडेवर कोणाचं तरी पूर्ण नाव असतं.

क्रमांक आणि पलटण मिळाली की कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर जा. ही संस्था १९१७ पासून आहे. तिची नामसूची फुकट शोधता येते, आणि नोंद सापडली तर प्रमाणपत्रही उतरवून घेता येतं. पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत्यू तिथे धरले आहेत. आपल्या लोकांची गाडी अडते ती नावाशी. साहेबाच्या कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलंय. तुकाराम, पांडू, विठू ही नावं इंग्रजीत शेवटी एक यू लावूनही सापडतात आणि दोन ओ लावूनही. लक्ष्मणाची तर चार रूपं. आडनाव असेलच असं नाही. कधी नुसतं नाव आणि खाली ‘अमक्याचा मुलगा, गाव अमुक, पाटण, सातारा’ असं असतं. म्हणून नाव टाकून शोधू नका. पलटण आणि साल टाका, निघणारी यादी खाली खाली वाचत जा आणि क्रमांक जुळवा. कंटाळवाणं काम आहे, पण भावकीतल्या दोन कॉलेजच्या पोरांना बसवलंत तर एका रविवारात होईल.

हे उत्तर इतरही वाचतील म्हणून एक सांगून ठेवतो: जिल्हे तेव्हाचे धरा. सांगली जिल्हा १९४९ च्या आधी नव्हता, तासगाव-वाळवा साताऱ्यात शोधायचं. रायगड म्हणजे तेव्हाचा कुलाबा. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता. तुमचं पाटण साताऱ्यातच आहे, तुम्हाला हा ताप नाही.

पलटणीचं नावही आजच्या यादीत जसंच्या तसं मिळणार नाही. तेव्हा १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ अशा आकड्यांच्या मराठा पलटणी होत्या. १९२२ च्या फेररचनेत त्या पाचव्या मराठा रेजिमेंटच्या बटालियन झाल्या: १०३ ची पहिली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी, आणि ११४ ची दहावी म्हणजे प्रशिक्षणाची. यशवंत घाडगे ज्या तिसऱ्या बटालियनचे, ती जुनी ११०. पदकावर ११० निघालं तर मेळाव्यात हे नातं जरूर सांगा, आणि ते खरं असेल. शोधताना एक लक्षात ठेवा: ‘मराठा’ हा शब्द तेव्हाच्या इंग्रजी लिखाणात मधे एक जादा एच घालून लिहीत.

समजा नोंद सापडली आणि तिच्यात ‘बसरा मेमोरियल’ असं लिहिलेलं आहे. तर पुढची गोष्ट कडू आहे. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, त्या युद्धात गेलेल्या आणि कबर माहीत नसलेल्या चाळीस हजारांवर माणसांसाठी ते स्मारक आहे. त्याच्या दगडावर गोऱ्या शिपायांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. साध्या हिंदी शिपायांची नाहीत. तिथे पलटणीचं नाव, आणि खाली ‘आणि इतर इतके हिंदी सैनिक’ असा आकडा. नावं राहिली नोंदवहीत. २०२१ साली कमिशनने स्वतःच अहवाल काढून हा भेदभाव झाल्याचं मान्य केलं. एखाद्याचं नाव नोंदवहीतही नसेल, तर घरातले पुरावे पाठवून ते घालायची मागणी करता येते. त्यासाठी सेवा, मृत्यूची तारीख आणि मृत्यूचा सेवेशी संबंध, या तिन्हींचा कागद लागतो. ते स्मारक सद्दामच्या काळात, १९९७ मध्ये, मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर हलवलं गेलं. तिथवर जायच्या भानगडीत पडू नका. इंडिया गेटवर नाव दिसलं नाही म्हणूनही खट्टू होऊ नका. ते सत्तर हजारांच्या स्मरणार्थ आहे, पण कोरलेली नावं तेरा हजारांच्या आसपास. खडकीच्या युद्धस्मशानात तर नाव शोधूच नका. तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या कबरी आणि पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात वारलेल्यांचं स्मारक आहे. मुलांना घेऊन एकदा जाऊन या, जागा शांत आणि नीटनेटकी ठेवलेली आहे, पण तुमचे पणजोबा तिथे नाहीत.

मृत्यू कशाने झाला, हे बहुतेक घरांना ऐकायचं नसतं. मी तरी शोधा म्हणतो. बसऱ्याच्या मोहिमेत गोळीच्या जोडीला पटकी, हगवण, उष्माघात आणि स्कर्व्ही (ताजं अन्न न मिळाल्याने होणारा आजार) यांनी माणसं नेली. दवाखान्याच्या बोटी अपुऱ्या, जखमी उघड्या तराफ्यांवर नदीतून आणलेले. त्यावर विलायतेत चौकशी बसली आणि १९१७ मध्ये तिचा अहवाल आला. पणजोबा १०३, ११० किंवा ११७ मराठामधले निघाले, तर कुतचा वेढा, म्हणजे तुर्कांनी इराकातल्या कुत गावाला घातलेला वेढा, नक्की तपासा. या तिन्ही पलटणी ७ डिसेंबर १९१५ पासून तिथे अडकल्या होत्या. धान्य संपत आलं तेव्हा घोडे मारले, पण आपल्या बऱ्याच शिपायांनी घोड्याचं मांस खायला नकार दिला आणि त्यांना स्कर्व्हीने गाठलं. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, सुमारे तेरा हजार जण कैद झाले, आणि त्या कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं. कित्येक वाटेत गेले, कित्येक रास अल ऐनच्या रेल्वेच्या कामावर. नोंदीतली तारीख एप्रिल १९१६ च्या नंतरची आणि पलटण या तिघींपैकी एक असेल, तर तुमच्या पणजोबांची गोष्ट बहुधा ही आहे.

‘पटकीने गेले’ असं निघालं तर मेळाव्यात ते तसंच सांगा. ज्या जनरल मॉडने १९१७ मध्ये बगदाद घेतलं, तोही त्याच वर्षी नोव्हेंबरात बगदादमध्येच पटकीने मेला. सेनापतीला जो मृत्यू चालला तो आपल्या शिपायाच्या बाबतीत लपवायचं काही कारण नाही.

गावाकडेही एक चक्कर मारा. सातारा जिल्ह्यात कितीतरी गावांत संगमरवरी पाटी आहे: या गावातून इतकी माणसं १९१४-१९१९ च्या महायुद्धात गेली, पैकी इतकी कामी आली. अपशिंगे तर ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखलं जातं, एकट्या त्या गावातले ४६ जण त्या युद्धात कामी आले. पाटी चावडीच्या, शाळेच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत असते आणि पुष्कळदा रंगाच्या थराखाली गेलेली असते. तुमच्या गावात सापडली तर मेळाव्याच्या वर्गणीतून ती नीट स्वच्छ करून घ्या. नवा फ्लेक्स लावण्यापेक्षा ते बरं. तलाठ्याकडचे जुने फेरफारही बघा. पणजीच्या नावावर जमीन कधी आणि कोणत्या शेऱ्याने चढली, त्यातून मृत्यूची बातमी गावात कधी पोचली याचा अंदाज येतो.

काकांचं काम यापेक्षा कितीतरी सोपं, आणि ते तुमच्याच शहरात आहे. बॉम्बे सॅपर्सचं केंद्र आणि रेकॉर्ड ऑफिस दोन्ही खडकीला. काकूंचं पेन्शनचं पुस्तक, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद किंवा काका गेल्याची तार, यातल्या कशावर तरी काकांचा आर्मी नंबर असणार. तो, नात्याचा पुरावा आणि वडिलांच्या सहीचा अर्ज असं घेऊन आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. थेट रेकॉर्ड्सला लिहिलं तरी चालतं, पण कार्यालयामार्फत गेलेला अर्ज भरकटत नाही. काय हवंय ते स्पष्ट लिहा: भरतीची तारीख, रेजिमेंट, कोणत्या भागात आणि कोणत्या तारखेला मृत्यू, मिळालेली पदकं. ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलंत की उत्तर तीन ओळींचं येतं.

दिल्लीचं राष्ट्रीय युद्धस्मारक २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं. तिथे स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांत आणि कारवायांत गेलेल्यांची नावं ग्रॅनाइटच्या विटांवर कोरलेली आहेत. काकांची वीट तिथे असली पाहिजे. जाण्याआधी यादीत नाव आणि नंबर तपासा, चूक असेल तर रेकॉर्ड्सच्या पत्राच्या आधाराने दुरुस्ती मागा. रोज संध्याकाळी एका कुटुंबाच्या हस्ते तिथे पुष्पचक्र वाहिलं जातं, त्यासाठी नाव नोंदवता येतं. वडिलांना प्रवास झेपत असेल तर हे लवकर करा. झेपत नसेल तर घोरपडीचं आपलं युद्धस्मारक आहेच, पुणेकरांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं.

मेळाव्यात काकांबद्दल बोलताना सॅपर म्हणजे काय हे मुलांना सांगा. पलटण पुढे जायची तर तिच्याआधी यांनी जायचं, सुरुंग काढायचे, रस्ता करून द्यायचा. याच बॉम्बे सॅपर्सच्या रामा राघोबा राणे यांनी एप्रिल १९४८ मध्ये राजौरीच्या वाटेवर शत्रूच्या माऱ्यात सलग काही दिवस हेच केलं, त्याबद्दल त्यांना परमवीर चक्र मिळालं. काकांना पदक मिळालं असो वा नसो, काम तेच होतं.

आता वडील. कागद दोन महिने थांबतील, वडिलांचं बोलणं आधी घ्या. मोबाइल टेबलावर ठेवा, रेकॉर्डिंग सुरू करा, आणि ‘काकांबद्दल सांगा’ असं मोघम विचारू नका. तार कोणी आणली? तेव्हा घरात कोण कोण होतं? काकूंना कोणी सांगितलं? पेटी घरी आली तेव्हा तिच्यात काय काय होतं? एवढं विचारलंत तरी तास जाईल. मग पणजीकडे वळा. वडिलांनी तिला पाहिलेलं असण्याची शक्यता आहे. पेन्शन आणायला ती कुठे जायची, बरोबर कोण जायचं, अंगठा उमटवायची की सही शिकली होती, पदकं तिने कुठे ठेवली होती, दुसरं लग्न कर म्हणून कोणी मागे लागलं होतं का. सैनिकाची नोंद कोणत्या तरी सरकारी कपाटात असते. त्याच्या मागे चाळीस-पन्नास वर्षं घर ओढणाऱ्या बाईची नोंद कुठल्याही ऑफिसात मिळत नाही. मला विचाराल तर मेळाव्यात दोन फोटोंच्या जोडीला पणजी आणि काकूंची नावंही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत हवीत. तुमच्या भावकीचा कुलवृत्तांत असेल तर तोही उघडून बघा. तिथे बहुधा ‘लष्करात नोकरी, युद्धात मृत्यू’ एवढीच ओळ असेल, आणि पणजीचं तर माहेरही लिहिलेलं नसेल. पुढच्या आवृत्तीत ती ओळ नीट लिहा: क्रमांक, पलटण, तारीख, ठिकाण, कारण.

मृत्यूची तारीख मिळाली की आणखी एक गोष्ट करता येईल. तिथी माहीत नसल्यामुळे तुमच्या घरी पणजोबांचं पान सर्वपित्रीलाच वाढलं जात असणार. इंग्रजी तारखेवरून जुन्या पंचांगातली तिथी कोणताही जाणता गुरुजी काढून देईल. लढाईत घाव लागून गेले असतील तर भाद्रपद वद्य चतुर्दशी, म्हणजे घातचतुर्दशी, हा शस्त्राने गेलेल्यांसाठीचा दिवस आहेच. काकांसाठीही तोच. मानायचं की नाही हा तुमच्या घरचा प्रश्न, पण वडिलांच्या पिढीला तिथी कळल्याचं जे समाधान होतं ते प्रमाणपत्राने होत नाही, असा माझा अनुभव आहे.

कागदांना आणि फोटोंना लॅमिनेशन करू नका. आपल्याकडे मौल्यवान दिसलं की लॅमिनेट करायची खोड आहे, आणि पाच-दहा वर्षांत तो फोटो प्लास्टिकला चिकटून पिवळा पडतो. स्कॅन करून घ्या, मूळ प्रत साध्या पांढऱ्या कागदात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा, पदकांच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. पाटणच्या पावसात ते लोखंडी पेटीत ठेवण्यापेक्षा धायरीतच ठेवलेलं बरं.

राहिला पदकं लावायचा प्रश्न. स्वतः मिळवलेली पदकं डाव्या छातीवर लावतात, घरच्या माणसाने त्याच्या वतीने लावायची तर उजव्या. पणजोबांची तुमच्या वडिलांनी लावावीत, काकांची काकूंनी किंवा त्यांच्या मुलाने. लहान मुलांच्या हातात फोटोसाठी द्यायची झाली तर खाली सतरंजी अंथरा. स्टार फरशीवर आपटला तर टोक वाकतं, आणि ते सरळ करायला गेलं की तुटतं.